तिसऱ्या तारेवरचं बोट

मी एक जुनी गिटार आहे, आणि खरं सांगू का मित्रांनो, आता थकले आहे.

माझी पहिली वर्षं नव्या जालन्यात, स्टेशनजवळच्या दुकानात काचेआड गेली. येणारा जाणारा तारा छेडायचा, कौतुक करायचा आणि निघून जायचा. मग बँकेतल्या एका साहेबांनी मला घेतलं, दोन महिने वाजवलं आणि कपाटावर टाकलं. सहा वर्षं मी धूळ खाल्ली. बदली झाली तेव्हा त्यांनी मला जुन्या जालन्यातल्या प्रीती नावाच्या मुलीला देऊन टाकलं.

प्रीती अकरावीत होती. तिचे पप्पा साहेबराव भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे. त्यांचे पेटीवाले गाव सोडून गेले होते आणि बुद्धपौर्णिमेला कुंभार पिंपळगावात कार्यक्रम होता. प्रीती म्हणाली, "मी वाजवते ना, पप्पा."

"शनिवारपर्यंत बराबर जमलं तर ये. न्हाई तर दुसरा पेटीवाला सांगतो."

पोरगी हट्टाला पेटली. एकदम छेडलेल्या तीन सुरांच्या साध्या कॉर्डमध्ये आणखी एक सूर मिसळला की सेव्हन्थ कॉर्ड होतो, हे ती मोबाइलवरून शिकली. गाणं मायनरमधलं, कोमल गंधाराचं, म्हणजे सगळे कॉर्ड मायनरच, असं तिनं स्वतःच ठरवलं. ए मायनर सेव्हन्थ, डी मायनर सेव्हन्थ, ई मायनर सेव्हन्थ. दिवसभर तेच. तिची बोटं सोलली, माझा जीव मेटाकुटीला आला. त्यात पप्पा गाणार पांढरी सातमध्ये, म्हणजे पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात. तिथवर पोचायला तिनं माझ्या खुंट्या पिळल्या. तारा अडकवतात तो ब्रिज माझ्या पोटापासून सुटायला लागला. माझं दुखणं कुणाला दिसलं नाही.

अंतरा संपवून ध्रुवपदावर यायच्या वेळी साहेबराव दर वेळी थांबायचे. "इथं काय करून राह्यली? मी शुद्ध नी लावून राह्यलो, तुझी कोमल वाजती."

"पण गाणं मायनरच हाय ना, पप्पा."

"तुझं मायनर-फायनर मला कळत न्हाई. कानाला खटकतं, बस."

शुक्रवारी संध्याकाळी प्रीती ई मायनर सेव्हन्थ धरून बसली होती. माझी तिसरी तार मोकळी होती. तिनं पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, त्या तारेवर एक बोट ठेवलं. ई मायनर सेव्हन्थचा ई सेव्हन्थ झाला, कोमल नीची शुद्ध नी झाली. मग ती ए मायनर सेव्हन्थवर उतरली आणि गाणं अलगद घरी आलं. इतक्या वर्षांत मला असं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"हेच! बिलकुल हेच!" साहेबराव ओरडले. त्यांनी सूर उचलला आणि माझी पहिली तार ताडकन तुटली.

प्रीती रडायला लागली. साहेबरावांनी मला मांडीवर घेतलं. सुटलेल्या ब्रिजवरून हात फिरवला.

"इतकं ताणलं हिला? माझ्यासाठी?"

"तुमचा सूर तिथंच हाय ना, पप्पा."

त्यांनी तुटलेली तार काढून बाजूला ठेवली. "खुंट्या उतरव. मी पांढरी सहात गातो."

"तुम्ही तर कधीच खाली येत न्हाई."

"मंग आता येतो. वरसभर गळा ताणूनच गाऊन राह्यलो, पोरी. कुणाला सांगितलं न्हाई."

सुताराने ब्रिज चिकटवला, नवी तार चढली, पौर्णिमेला आम्ही तिघं पांढरी सहात गायलो. मी अजून थकलेलीच आहे. मित्रांनो, वाजवून झाल्यावर आमच्या तारा थोड्या सैल करत जा. आम्हाला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं तेही बोलत नाहीत. प्रीती आता रोज माझ्या खुंट्या उतरवते, मला खोळीत ठेवते आणि आत आवाज देते, "पप्पा, कोमट पाणी आणू का?"