कागदावरचा मालक

१९६१ साली बबनराव पाटलांनी घाटंजीजवळच्या आपल्या गावात पिठाची चक्की टाकली. तीस एकर कपाशीवाल्या माणसाचा हा जोडधंदा. पण पाटील भारी बेरकी. यवतमाळच्या वकिलाने कानात सांगितले, चक्कीत कुणाचे बरेवाईट झाले तर दावा शेतावर येईल. झाले! चक्की सालदार उकंडाच्या नावावर चढली. पाटील म्हणाले म्हणून उकंडाने अंगठा उठवला.

खरे पाप पुढेच. इंजिनाच्या पट्ट्याला लाकडी कठडा करा, असे उकंडा तीनदा म्हणाला. पाटील हसले.

"कायले? झालं काही तर मालक तूच हायेस!"

पोळ्याच्या आधल्या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जमनी गहू घेऊन आली. चक्कीत ही गर्दी. पट्ट्याने तिची ओढणी धरली आणि ओढणीमागोमाग तिलाही ओढले. उकंडा इंजिन बंद करेपर्यंत हात खांद्यापासून उपटला गेला होता. पिठात रक्ताचा चिखल झाला. घाटंजीच्या वाटेवर, बैलगाडीतच ती गेली.

तिचा भाऊ नेमसिंग कुऱ्हाड घेऊन चक्कीवर आला. पाटील ओट्यावरून ओरडले, "माहा काही संबंध नाही बाप्पा! चक्की उकंडाची. कागद पाहा!"

दहा वर्षे ज्याच्या घरी राबला, त्यानेच उकंडाला कुऱ्हाडीपुढे ढकलले. नेमसिंगने कुऱ्हाड उलटी करून त्याच्या तोंडावर हाणली. दात तुटले, उकंडा कोसळला. मग पाते वर उठले.

"मारजो," उकंडा रक्त थुंकत म्हणाला. "पन आधी एक काम करू दे. कागदावर मालक मीच हावो ना?"

नेमसिंग थबकला. उकंडाने कोपऱ्यातला घण उचलला आणि इंजिनावर घातला. चाकाचा तुकडा उडाला. दुसऱ्या घावाला जाते दुभंगले. इतका संताप आणि इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. त्याने तिसऱ्यांदा घण उगारला.

पाटलांना राहवले नाही. धोतर सावरत ते आत धावले.

"थांब हरामखोरा! चक्की माही हाये! तुह्या बापाची नाही!"

घण हवेतच राहिला. सारे गाव दारात उभे होते. नेमसिंग हळूच पाटलांकडे वळला.

"पुन्हा सांगा पाटील. कोनाची?"

पाटील मागे सरकले. उकंडाने घण खाली ठेवला आणि नेमसिंगच्या वाटेतून तो बाजूला झाला.