चौथ्या मजल्यावरची लाल किनार

त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला होता. गरम, दमट, डोकं धरायला लावणारा. आमच्या तुर्कस्तानातल्या इझमिर शहराच्या चढावरच्या गल्लीत हा वारा आला की दोरीवरचे कपडे अंगात आल्यासारखे नाचतात, आणि खिडकीतून सोडलेली टोपली भिंतीला धडका देत खाली जाते. त्याच टोपलीतून त्या दिवशी एक रुमाल खाली गेला, आणि आमच्या म्हाताऱ्याची पंचाईत झाली.

मी क्रोशाचा हुक बोलतोय. पोलादाचा, वितीएवढा, टोकाशी मान वाकलेला. सावकाश सांगतो. एकेक टाका घेत जगलो, घाई मला जमत नाही.

बाजारातल्या एका कारागिरानं सायकलच्या तारेला घासून घासून मला घडवलं. मुझेय्यन नावाच्या नव्या नवरीनं मला बोटांत फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा." पुढं एकेचाळीस वर्षं आम्ही दोघांनी डोक्याच्या रुमालांना किनारी विणल्या.

आमच्याकडं बायका सगळंच तोंडानं बोलत नाहीत. रुमालाची किनार बोलते. हिरव्या पानांची जाळी म्हणजे आपलं गोड आहे. लाल मिरच्या म्हणजे माझा तुझ्यावर भयंकर राग आहे. मुझेय्यननं एकदा नवऱ्यावर चिडून महिनाभर मिरच्यांचा रुमाल बांधला होता. नवरा रेफिक, शहरातल्या बसचा ड्रायव्हर. तो म्हणाला, "छान दिसतात. ताज्या वाटतात." तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग ती गेली. मी दोऱ्याच्या गुंड्यात खुपसलेला होतो, तसाच बिस्किटांच्या डब्यात पडलो आणि वर झाकण बसलं. चार वर्षं. आत दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. डबा हलला की वाटायचं, आता सुटलो. पण ते बिस्किटं शोधणारे असायचे. झाकण किलकिलं करायचे, "हात्तिच्या, दोरे आहेत," म्हणून पुन्हा दाबून टाकायचे. अंगावर गंज चढत गेला.

शेवटी डबा उघडला तो रेफिकनंच. तोही कोंडलेलाच होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून चौथ्या मजल्यावर अडकलेला. इमारतीला लिफ्ट नाही, खाली अडुसष्ट पायऱ्या. त्यात एक चूक त्यानं स्वतःच केली होती. सून गुल्तेननं एकदा मुझेय्यनच्या चपला पायात सरकवल्या, तर हा तिच्या आईदेखत ओरडला, "काढ त्या! घरची मालकीण झालीस का?" त्या दिवसापासून गुल्तेन वर आली नाही. मुलगा सेदात रविवारी खालून हाक मारायचा, टोपलीत पाव आणि औषधं ठेवायचा आणि जायचा. दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं असतं, तर म्हाताऱ्याला सहा महिन्यांनी समुद्र दिसला असता. पण "माझं चुकलं" हे त्याच्या तोंडातून निघेना. म्हणून त्यानं ठरवलं, सुनेला रुमाल विणून पाठवायचा.

शिकवणार कोण? दुसऱ्या मजल्यावरच्या पाकिझेताई. त्यांचे गुडघे गेलेले, त्यांना वर येता येईना. मग शिकवणी टोपलीतून सुरू झाली. ताई नमुना विणून टोपलीत ठेवायच्या, रेफिक वर ओढायचा, विणायचा, पुन्हा खाली सोडायचा.

"पाच साखळ्या, एक खांब, मग दोन घरं सोडा!" ताई खिडकीतून मान वर करून ओरडायच्या. "जाळी आहे ती, भोकं दिसली पाहिजेत!"

"भोकं दिसतायत की."

"ती तुमच्या मोज्याला असतात तसली आहेत, रेफिकभाऊ. सगळं उसवलंय मी. पुन्हा!"

म्हातारा मला बसच्या गिअरसारखा धरायचा. दोरा असा आवळायचा की माझी मान फासात अडकून बसायची. पुढं नाही, मागं नाही. "सैल सोडा," ताई म्हणायच्या, "घाट चढत नाही आहात!" तो बिचारा घाम पुसायचा. पण त्यानं मला खाली ठेवलं नाही. महिन्याभरात जाळी उघडी पडू लागली. तिच्यातून मला आकाश दिसलं.

ताईंनी त्याला हिरवी पानं शिकवली होती. हिरवा दोरा सरावाच्या चार पानांतच संपला. डब्यात लाल होता, आणि गुल्तेनला लाल आवडतो. म्हाताऱ्यानं मनाशीच ठरवलं आणि ताईंना काही दाखवलं नाही. त्याचा हात घट्ट, त्यामुळं प्रत्येक पान निमुळतं होऊन टोकाशी वाकायचं. चाळीस झाली. मी एकेकाला ओळखत होतो. पण मला तोंड कुठं आहे?

तर तो वाऱ्याचा रविवार. टोपली दुसऱ्या मजल्याशी पोचली आणि ताईंची किंकाळी आली. "अहो भाऊ, ओढा वर! मिरच्या पाठवताय सुनेला?"

"पानं आहेत ती!"

"लाल पानं? अशी वाकडी? ती राग समजेल!"

तोवर सेदातनं रुमाल घेतला होता. वाऱ्यात त्याला काही ऐकू गेलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. म्हातारा दारापर्यंत गेला, पायऱ्यांकडं बघून परत आला. त्यानं फोन लावला. पलीकडून गुल्तेन "कोण?" म्हणाली, आणि ह्यानं फोन ठेवून दिला.

हल्ली मी खिडकीतल्या पेल्यात उभा असतो, उजेडात. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगेन, घरात असा एखादा डबा असेल तर त्याचं झाकण उघडा. आत माझ्यासारखं कुणीतरी वाट बघत असतं.

तर त्याच्या पुढच्या रविवारी खालून हाक आली ती सेदातची नव्हती. "बाबा!" गुल्तेन रस्त्याच्या मधोमध उभी होती, रुमाल हातात उंच धरून. "चाळीस मिरच्या! मोजल्यात मी! सहा महिने पुरला नाही राग?"

रेफिकनं मला मुठीत घट्ट धरलं. खिडक्या-खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"पोरी, ती पानं आहेत!"

"काय?"

"पानं! मला वळवता येत नाहीत!" आणि मग, दोऱ्याची गाठ सुटावी तसं, "माझं चुकलं, गुल्तेन! चपलांचं चुकलं माझं! घाल तू त्या!"

गुल्तेननं रुमालाकडं पाहिलं, हसू दाबायला तोच तोंडाला लावला आणि ती इमारतीच्या दारात शिरली. मग जिन्यात पावलं वाजू लागली. दोघांची, तिची आणि सेदातची. एखादी खुर्ची भिंतीला आपटत वर येत होती. म्हातारा जागचा हलेना. मी त्याच्या मुठीत भिजून गेलो होतो.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून पाकिझेताई ओरडल्या, "रेफिकभाऊ, ठेवा तो हुक खाली आणि आधी दाराची कडी काढा!"