राहुकाळ आणि टाकीचा लेप

आमच्या वसुमतीअक्काचं लायसन्स गुरुवारी संपणार होतं. पंच्याहत्तरी झाली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता नवं काढायचं नाही, असं तिचं तिनंच ठरवलं. हट्ट एकच, त्याआधी आपली फियाट एकदा स्वतः चालवायची. सत्त्याहत्तर साली स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी ती! आठ वर्षं बंगळूरला, राजाजीनगरात, आमच्या पोर्चमध्ये धूळ खात पडली होती. "संतू, तेवढी चालू करून दे," असं ती मला म्हणाली. इंजिन ठीक होतं, पण पेट्रोलची टाकी आतून गंजून बारीक भोकं पडलेली.

मी संताजी, तिचा धाकटा भाऊ. बँकेतून निवृत्त झालो, पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड काही निवृत्त झाली नाही. गिरीराज मेकॅनिक इथल्या आमच्याच मराठी लोकांतला, हाताला गुण असलेला. त्यानं टाकी उतरवली, आत मूठभर नट आणि साबणाचं पाणी घालून खुळखुळवली, गंज काढायचं ॲसिड फिरवलं, धुतली, आणि माझ्या बायकोच्या, कौशल्याच्या, केस वाळवायच्या मशीननं कोरडी केली. कौशल्यानं ते मशीन पुन्हा हातात घ्यायला साफ नकार दिला.

शनिवारी सकाळी आतून लेप द्यायचा होता. दोन डब्यांतली रसायनं एकत्र केली की अर्ध्या तासात, घट्ट व्हायच्या आत, टाकीत ओतायची, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवायची, मग चार दिवस सुकू द्यायची. म्हणजे बुधवारी गाडी तयार. गिरीराजनं मिश्रण ढवळून डबा उचलला तेव्हा नवाला दोन मिनिटं कमी होती, आणि मी त्याचा हात धरला. शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. अक्काचं एवढं महत्त्वाचं काम अन् ते राहुकाळात? अण्णा, हे थांबत नाही, तो सांगत होता. मी म्हटलं, दीड तासानं काय आभाळ कोसळतंय? त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

साडेदहाला ढवळायची काठी ओढली, तर डबाच उचलला गेला.

चिकपेटेतली चार दुकानं पालथी घातली. नवा लेप मंगळवारी येणार, म्हणजे गुरुवार हुकला. अक्का रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि कॉफी करायला आत गेली. जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मी पंचांग बघून घालवली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

बुधवारी सकाळी गिरीराज दहा लिटर पेट्रोलचा कॅन घेऊन हजर. टाकीचं काम पुढच्या आठवड्यात करू म्हणाला. कॅन डिकीत घट्ट बांधला आणि नळीनं इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपला जोडला. हे शनिवारीच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"शनिवारी तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

अक्कानं पदर खोचला, चष्मा पुसला आणि चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. मी शेजारी. कन्नडमधून रिक्षावाल्यांचा उद्धार करत बाई होसकोट्याच्या रस्त्याला लागल्या. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला चक्क रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून पुसलं.

होसकोटं जवळ आल्यावर तिनं एका झाडाखाली गाडी थांबवली, उतरली आणि माझ्या बाजूला येऊन दार उघडलं.

"उतर. आता तू चालव."

मी म्हटलं, अगं, उद्यापर्यंत आहे लायसन्स. अजून चालव ना.

"चाळीस वर्षं नुसता रस्ता बघितला रे, संतू. माझ्या गाडीतून बाहेर काय दिसतं, ते एकदा बघू दे मला."

परतताना माझा गिअर तीनदा अडकला. ती काच खाली करून बाहेर बघत होती. तिचं लक्षच नव्हतं माझ्याकडे.