शिवेवरचं घर

शिंपीणबाईंचं घर बरोबर दोन गावांच्या शिवेवर होतं. स्वयंपाकघर वरच्या गावात, झोपायची खोली खालच्या गावात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलगी लांब शहरात होती. पण दरवर्षी माणसं मोजायला दोन्ही गावांचे मास्तर यायचे, ‘बाई आमच्याच’ म्हणत हमरीतुमरीवर यायचे, आणि बाईंची दुपार मजेत जायची.

यंदा जिल्हा कचेरीतून एक कारकून नकाशा आणि टेप घेऊन आला.

“आजी, माणूस जिथं झोपतो, ते त्याचं गाव. म्हणजे तुम्ही खालच्या गावच्या.”

“मग वरचे मास्तर यायचे नाहीत?”

“कशाला येतील? त्यांचा हेलपाटा वाचला!” कारकून समाधानानं म्हणाला आणि त्यानं कागदावर शिक्का मारला.

महिन्याभरानं वरच्या गावचे मास्तर आले. त्यांना कचेरीचं पत्र मिळालंच नव्हतं. बाईंनीही कारकुनाचा विषय काढला नाही. वय, शिक्षण, धंदा, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. फॉर्मात विचारलं नव्हतं, तरी मुलीचंही सांगितलं. मास्तरांनी सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा मात्र बाईंना राहवेना.

“मास्तर, मी आता तुमच्यात नाही हो. खोडा मला.”

“आधी नाही का सांगायचं, बाई? अर्धा तास गेला की!”

“गेला खरा,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पिशवीतून पट्टी काढली. त्यांची रेघ मारून होईपर्यंत बाई शेजारी बसून राहिल्या.