पुसू नये

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. पाठीला लाकूड, पोटाला जाड कापडाच्या पट्ट्या. एका सुताराने मला उरलेल्या फळीतून घडवले. त्याच फळीची खुर्ची झाली, ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली आणि मी खडूची धूळ खायला वर्गात आलो. ज्याचे त्याचे नशीब! सुरुवातीला माझे कोण कौतुक! फळा पुसायला मिळावा म्हणून मुले भांडत. पुढे पट्ट्या झिजल्या आणि वर्ग गप्प करण्यासाठी टेबलावर आपटण्यापुरता मी उरलो. तरी फळ्यावरचा प्रत्येक शब्द शेवटी माझ्याच पोटात जातो. त्यातले एक वाक्य मला अजून पचलेले नाही.

त्या दिवशी बाई इंग्रजीतले 'सो' आणि 'दॅट' शिकवत होत्या. एखादी गोष्ट इतकी टोकाला गेली, की तिच्यामुळे पुढे काहीतरी झाले, अशी वाक्ये. दूध इतके गरम होते की जीभ पोळली. दप्तर इतके जड आहे की खांदा दुखतो. एका दिवट्याने 'मोठे सर इतके घोरतात की खिडकी वाजते' असे लिहिले आणि कान पिळून घेतला.

मग मुंगी उठली. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिने टाचा उंचावून इंग्रजीत लिहिले, 'आमच्या घराची भिंत इतकी कलली आहे की आम्ही तिच्याकडे पाय करून झोपतो.'

वर्गात खसखस पिकली.

"पाय का गं?" बाईंनी हसतच विचारले.

"डोकं वाचावं म्हणून. पण धाकटा झोपेत गोल फिरतो बाई. आई सारखी उठून त्याला सरळ करते."

"शाब्बास! एकसुद्धा चूक नाही. टाळ्या वाजवा रे!"

बाईंनी त्या वाक्याभोवती चौकट काढली आणि खाली लिहिले, 'पुसू नये'. मी उरलेला फळा पुसत राहिलो. तपासणीला साहेब आले, त्यांनी मान डोलावून अक्षराची तारीफ केली. मोठ्या सरांनी दुसऱ्या वर्गातली मुले आणून वाक्य दाखवले. पालकसभेला मुंगीची आई आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. लेकीचे नाव निघाले म्हणून ती पदराने डोळे टिपत चौकटीखाली उभी राहिली.

"बाई, ही मोठ्या लोकांशी नीट बोलू शकेल ना? घरमालक आमचं काही ऐकतच नाही."

"बोलेल की! जरा मोठी तर होऊ दे."

भिंत तेवढी थांबली नाही. एका पहाटे बाहेरून जड ट्रक गेला आणि ती घरात कोसळली. सगळ्यांचे पाय तिच्याकडे होते, म्हणून सगळ्यांच्या पायांवर निभावले. धाकटा झोपेत फिरला होता. तो गेला.

मुंगी बऱ्याच दिवसांनी लंगडत वर्गात आली. चौकट तशीच होती. 'पुसू नये' लिहिलेले, म्हणून कोणी हातच लावला नव्हता. बाईंचे तिकडे लक्ष गेले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला उचलले. मुंगीने मला त्यांच्या हातातून घेतले.

"राहू दे बाळा, मी पुसते."

"नको बाई. आता तिकडे कोणी झोपत नाही."

तिने चौकटीसकट सगळे पुसले. मला रडता येत नाही. माझ्यातून नुसती धूळ निघते, आणि त्या दिवशी ती फार निघाली.

आता कोणी फळ्यावर वाक्य लिहिले की चूक की बरोबर हे सांगण्याआधी बाई विचारतात, "हे खरं आहे का रे?" बहुतेक मुले हसून नाही म्हणतात. बाई हसत नाहीत, पुन्हा विचारतात.

मित्रांनो, माझ्या पट्ट्या बदला अगर बदलू नका, मला टेबलावर खुशाल आपटा. पण कोणी काही सांगत असेल, तर ते किती छान सांगितले एवढेच पाहून थांबू नका. मुंगीने सगळे सांगितले होते. तिला टाळ्या मिळाल्या.