पेटीतले निशाण

मी एका व्यापारी गलबताचे निशाण बोलत आहे. मला पाहून गलबत कोणत्या देशाचे ते ओळखावे, एवढ्यासाठीच माझा जन्म. गलबत चालवणाऱ्या तांडेलाच्या भावजयीने मला दुहेरी टाके घालून शिवले.

परंतु समुद्रावरचा वारा कापड खातो. म्हणून आमच्याकडची गलबतवाली माणसे निशाण घडी करून पेटीत ठेवतात आणि बंदर दृष्टीस पडले की काठीवर चढवतात. शांततेच्या काळी या काटकसरीने कोणाचे काही बिघडत नव्हते.

मग दोन परक्या देशांत युद्ध जुंपले. आम्ही ना घेण्यात ना देण्यात. मीठ घेऊन चाललो होतो. एका युद्धनौकेने वाट अडवली आणि काठी रिकामी पाहून तोफ डागून सुकाणूच फोडले. त्यांच्या अधिकाऱ्याने पेटी उघडून माझी घडी स्वतः मोडली. तरीही गलबत ओढून नेले, तांडेलाच्या धाकट्या भावाला अटकेत ठेवले आणि तांडेलाला दुसऱ्या गलबतावरून परत धाडले. मी त्याच्या कमरेला गुंडाळलेले होते.

पुढे आमच्या परराष्ट्र कार्यालयातल्या टेबलावर मला पसरण्यात आले. सचिव निषेधाचा खलिता सिद्ध करीत होते.

"निशाण काठीवर होतं, एवढंच म्हणा," ते तांडेलाला म्हणाले. "खलित्याला बळ येईल. नाहीतर तुमचा भाऊ तिकडेच राहील."

"पेटीत होतं, साहेब."

दाराशी उभी असलेली भावजय, त्या अटकेतल्या भावाची बायको, पुढे आली. "भावोजी, मिठाचा भाव सांगताना कधी खरं बोललात? आजच कुठून हरिश्चंद्र झालात?"

"अगं, तिकडे त्यालाही हेच विचारत असतील. तो काय सांगेल?"

ती हळूच म्हणाली, "ते खरंच सांगतील. मला बघायला आले तेव्हा टोपी काढून आधी टक्कल दाखवलं होतं."

"मग माझं खोटं त्याच्याच गळ्याशी येईल."

सचिवांनी लेखणी खाली ठेवली. मग ती पुन्हा उचलून 'निशाण काठीवर होते' हे आधीच लिहिलेले वाक्य खोडले आणि लिहिले: 'निशाण पेटीत होते, परंतु निःशस्त्र गलबतावर तोफ डागण्यास एवढे कारण पुरेसे नव्हे.'

उत्तर येईपर्यंत भावजय रोज कार्यालयात येई. शिपायाचा चेहरा पाही आणि काही न विचारता परत जाई.

अखेर उत्तर आले. दोघा भावांच्या जबान्या जुळल्या होत्या. माणूस सोडला, गलबत मात्र जप्त. भाऊ घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी मला न्यायला कार्यालयात हजर झाला.

"देता येणार नाही," सचिव म्हणाले. "गलबतासाठी दुसरा निषेध पाठवायचा आहे. हा पुरावा आहे."

तेव्हापासून मी लाखेची मोहोर लावलेल्या कपाटात आहे. येथे वारा नाही, मीठ नाही. माझा रंग अगदी सुरक्षित आहे. युद्ध करणाऱ्यांनी पकडलेला माणूस सुटला. मला तर आपल्याच माणसांनी अडकवले आहे, आणि याचा निषेध कोणाकडे नोंदवावा, ते मला कळत नाही.