भिंतीला टेकून बसलेली बाई

यामिनी नगरजवळच्या भिंगारमध्ये भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची आणि तिथूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी दवाखान्यांत औषधं पोचवणारा रोबो बनवत होती. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर आधी क्लाउडवरच्या, म्हणजे फक्त संगणकात असलेल्या, एका खोट्या दवाखान्यात आपोआप तपासलं जाई. खोटे पेशंट, खोट्या नर्स, त्यांच्यामधून वाट काढणारा खोटा रोबो. हे सगळं यामिनीने उभं केलं होतं. खरा रोबो तिने अजून पाहिला नव्हता. सकाळची मीटिंग संपली की दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नसे.

ताप उतरेना म्हणून ती नगरच्या एका दवाखान्यात गेली. बाकं भरलेली होती. भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेल्या एका म्हातारीने तिला हाक मारली.

"उभी का ऱ्हायलीस? बस की खाली."

यामिनी बसली. म्हातारीचं नाव झुंबरबाई. अकोले तालुक्यातल्या एका गावची होती, नवरा आत ॲडमिट होता.

"तुज्यासंगं कोन हाय?"

"कुणी नाही."

"तापात एकलीच आलीस व्हय?" झुंबरबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला. मग फडक्यातली अर्धी भाकरी तिच्या हातात दिली. यामिनीला एकदम भरून आलं. ती खाली मान घालून खात राहिली.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. झुंबरबाईने पटकन पाय आखडून घेतले. यामिनी बघतच राहिली. तिने उभ्या केलेल्या खोट्या दवाखान्यात सगळी माणसं उभी होती, नाहीतर चालत होती. खाली कुणीच बसलं नव्हतं.

घरी येऊन तिने पाय पसरून बसलेली एक बाई त्यात घातली आणि चाचणी लावली. रोबो सरळ तिच्या पायांवरून गेला.

तिने लगेच सुश्रुतला, तिच्या वरिष्ठाला, फोन लावला.

"दवाखान्यात जमिनीवर कोण बसतं?" तो म्हणाला.

"आपल्याकडे सगळेच बसतात, सर."

त्याने चाचणीचा व्हिडिओ उघडून पाहिला. "बरं. दवाखान्यांत रोबो पाठवायचं थांबवतो."

दुरुस्ती व्हायला पुढचा आठवडा उजाडला. मग मात्र रोबो त्या बाईपाशी थांबला, मागे सरकला आणि वळसा घालून गेला. सुश्रुतने ग्रुपवर अंगठा पाठवला.

यामिनीला हे कुणाला तरी सांगायचं होतं. ती रिक्षा करून त्या दवाखान्यात गेली.

"त्या आजी? त्यांच्या पेशंटला परवाच घरी सोडलं," नर्स म्हणाली. "तुमच्या कोण लागतात?"

"कुणी नाही," यामिनी म्हणाली.

झुंबरबाईच्या गावाचं नावही तिने विचारलं नव्हतं. दारात रिक्षावाला उभाच होता. "भिंगार," ती म्हणाली आणि आत बसली.